सौदीत इंग्रजी शिकवायला जाताना : करार आणि रजा

सूत, कापड, चामडे, भांडी यांचा धंदा करणाऱ्या आपल्या घरांतील मुले-मुली आता बी.ए., एम.ए., बी.एड. होऊ लागली आहेत. ज्यांचा विषय इंग्रजी आहे त्यांना सौदी अरेबियातील खाजगी शाळा, भाषा शिकवणाऱ्या संस्था आणि विद्यापीठांचे तयारी वर्ग चालवणाऱ्या ठेकेदार कंपन्या नोकरीवर घेतात. कोकणातला माणूस पिढ्यान्पिढ्या आखातात जात आला आहे. आता भिवंडी-मालेगावसारख्या मागांच्या गावांतूनही शिकलेली मुले तिकडचा विचार करतात. ही आनंदाची गोष्ट आहे.

पण मुलगा निघाला की वडील एकच प्रश्न विचारतात, "पगार किती रियाल?" करार किती वर्षांचा, रजा किती, ती केव्हा मिळणार, पगारी की बिनपगारी, घरी येण्याचे तिकीट कुणाचे, हे कुणी विचारत नाही. आमच्या कापड बाजारात नुसता भाव विचारून कुणी ठाण घेत नाही. पन्हा पाहतो, वजन पाहतो, माल केव्हा पोहोचणार आणि खराब निघाला तर परत कोण घेणार हे ठरवून घेतो. मग आपल्या मुलाच्या दोन वर्षांचा सौदा नुसत्या भावावर का करावा? रजेची गोष्ट सही करण्याआधी ठरते. गरज पडल्यावर मागायला गेलो तर ती मेहेरबानी होते, हक्क राहत नाही. हेच सांगण्यासाठी हा लेख आहे.

कायदा कोणता लागतो?

सौदीचा कामगार कायदा २००५ सालच्या शाही फर्मानाने आला. त्यात २०१५ मध्ये मोठे बदल झाले आणि पुन्हा काही कलमे बदलून ती फेब्रुवारी २०२५ पासून लागू झाली. खाजगी शाळा आणि कंपन्यांतील शिक्षकाला हा कायदा लागतो. सरकारी विद्यापीठाने थेट नेमलेल्या माणसाचे नियम वेगळे असतात. म्हणून आपला मालक नेमका कोण, शाळा, ठेकेदार कंपनी की विद्यापीठ, हे पहिल्यांदा पाहावे. करारात कायद्यापेक्षा कमी लिहिले असेल तर ते चालत नाही. जास्त लिहिले असेल तर ते पाळावे लागते. त्यामुळे जास्तीचे जे काही तोंडी कबूल झाले असेल ते कागदावर आलेच पाहिजे.

कराराचा कागद

परदेशी माणसाचा करार लेखी आणि ठराविक मुदतीचा असावा लागतो. मुदत लिहिली नसेल तर काम प्रत्यक्ष सुरू झाल्यापासून एक वर्ष धरले जाते. करार बहुधा अरबी आणि इंग्रजी अशा दोन भाषांत असतो. दोहोंत फरक पडला तर अरबी मजकूर खरा मानला जातो. इंग्रजीचा शिक्षक साहजिकच इंग्रजी बाजू वाचून सही करतो. ही धोक्याची जागा आहे.

येथे आपल्या उर्दू शाळेचा उपयोग होतो. अक्षरे ओळखीची असतात, पण शब्दांचे अर्थ मात्र फिरतात. उर्दूत 'अक्द' म्हटले की निकाह डोळ्यांसमोर येतो, अरबी कागदावर 'अक्द' म्हणजे करार. 'इजाजत' म्हणजे आपल्याकडे परवानगी, तिथे 'इजाजा' म्हणजे रजा. 'तजुर्बा' म्हणजे आपल्याकडे अनुभव, तिथे 'तज्रिबा' म्हणजे परीक्षेचा काळ. आपल्याकडे 'रातिब' जनावराला घालतात, तिथे 'रातिब' म्हणजे पगार! 'मुद्दत' मात्र दोन्हीकडे मुदतच. हे चार-पाच शब्द शोधून त्यांच्यापुढचे आकडे इंग्रजी बाजूशी ताडून पाहावेत. एवढे काम घरातला कोणीही उर्दू वाचणारा करू शकतो. बाकी मजकूर अरबी जाणणाऱ्या आलिमाकडून किंवा जाणकाराकडून वाचून घ्यावा.

परीक्षेचा काळ जास्तीत जास्त १८० दिवसांचा असू शकतो. या काळात भरपाई न देता नोकरी संपवता येते आणि सेवा-समाप्तीची रक्कमही मिळत नाही. म्हणून पहिल्या सहा महिन्यांच्या पगारावर भरवसा ठेवून घरी कर्ज काढू नये.

रजा : कायदा काय देतो, काय देत नाही

वार्षिक पगारी रजा कमीत कमी २१ दिवस. एकाच मालकाकडे सलग ५ वर्षे झाली की ३० दिवस. या रजेचा पगार आगाऊ मिळण्याचा हक्क आहे. नोकरी चालू असताना रजा विकून पैसे घेता येत नाहीत, पण नोकरी सोडताना शिल्लक रजेचा पगार मिळतो. रजा केव्हा द्यायची हे मालक कामाच्या सोयीने ठरवतो. शाळेत याचा अर्थ उन्हाळ्याची सुटी. डिसेंबरात गावी लग्न आहे म्हणून वार्षिक रजा डिसेंबरात मिळेल असे धरून चालू नये.

शिक्षकाने एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. शाळेची सुटी आणि शिक्षकाची पगारी रजा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शाळा दोन महिने बंद राहील, पण कायदा २१ दिवसांचाच पगार बांधून देतो. उरलेल्या दिवसांचे काय? काही ठिकाणी पूर्ण पगार देतात, काही ठिकाणी शिक्षकाला शाळेत हजेरी लावायला बोलावतात, आणि काही ठिकाणी करारच १० महिन्यांचा करून उन्हाळा कोरा ठेवतात. महिना ४,००० रियाल ऐकून आपण वर्षाचे ४८,००० धरतो आणि हातात ४०,००० पडतात. म्हणून "वर्षात किती महिन्यांचा पगार?" हा प्रश्न लेखी विचारावा.

दोन्ही ईदच्या सुट्या, २२ फेब्रुवारीचा स्थापना दिन आणि २३ सप्टेंबरचा राष्ट्रीय दिन या सुट्या वेगळ्या मिळतात. आजारपणासाठी वर्षात पहिले ३० दिवस पूर्ण पगार, पुढचे ६० दिवस पाऊण पगार आणि त्यापुढचे ३० दिवस बिनपगारी, मात्र डॉक्टरचा दाखला हवा. स्वतःच्या लग्नाला ५ दिवस. पती किंवा पत्नी, आईवडील किंवा मूल वारले तर ५ दिवस. भाऊ-बहीण वारल्यास ३ दिवस, हे २०२५ च्या बदलाने आले. मूल झाल्यास बापाला ३ दिवस. बाळंतपणाची रजा २०२५ पासून १२ आठवडे पूर्ण पगारी आहे. मुसलमान स्त्रीचा पती वारल्यास इद्दतीसाठी ४ महिने १० दिवस पगारी रजा आहे, हे आपल्या शिक्षिका मुलींना ठाऊक असावे.

हजची रजाही कायद्यात आहे. सलग २ वर्षे नोकरी झालेल्या आणि आधी हज न केलेल्या माणसाला एकदाच १० ते १५ दिवसांची पगारी रजा मिळते. त्यात बकरी ईदची सुटी धरलेली असते. एका वर्षी किती जणांना सोडायचे हे मालक ठरवू शकतो. रजा मिळाली तरी हजचा सरकारी परवाना वेगळा काढावाच लागतो.

आता काय मिळत नाही ते पाहा. बहिणीच्या लग्नासाठी, घराच्या वाटणीसाठी, वडिलांच्या ऑपरेशनसाठी कायद्यात रजा नाही. वडील वारले तर मिळणाऱ्या ५ दिवसांतले दोन दिवस तर जाण्या-येण्यातच जातात. म्हणून 'तातडीची रजा, इतके दिवस, पगारी किंवा बिनपगारी' असे कलम करारात घालून घ्यावे. तिकिटाचेही तसेच. करार संपल्यावर मायदेशी परतण्याचे तिकीट मालकाने द्यायचे, हे कायद्यात आहे. दरवर्षी रजेवर जाण्या-येण्याचे तिकीट मात्र करारात लिहिले असेल तरच मिळते.

रजेत दुसऱ्या मालकाकडे काम करण्यास मनाई आहे. तसे सिद्ध झाले तर रजेचा पगार मालक परत मागू शकतो. रजेवर घरी येताना जाऊन परत येण्याचा व्हिसा घ्यावा लागतो आणि त्याची मुदत संपण्याच्या आत परत पोहोचावे लागते. चार दिवस जास्त राहिलो तर काय बिघडते, असे घरच्यांनी म्हणू नये.

मध्येच सोडले तर

करार दोघांना बांधतो. मालकाने पगार अडवला तर तो दोषी, तसेच वर्ग अर्धा टाकून आलेला शिक्षकही दोषी. भरपाईची रक्कम करारात ठरवलेली नसेल, तर योग्य कारणाशिवाय मुदतीचा करार मोडणाऱ्याने उरलेल्या मुदतीचा पगार समोरच्याला द्यावा, असे कायदा म्हणतो, आणि ही रक्कम दोन महिन्यांच्या पगारापेक्षा कमी नसते. ४,००० रियालवर दोन वर्षांचा करार केला आणि ८ महिन्यांनी मोडला, तर १६ महिन्यांचे ६४,००० रियाल होतात. मालकाने मोडला तर हीच रक्कम शिक्षकाची. म्हणून करारात भरपाईचा आकडा लिहिलेला आहे काय, आणि तो दोघांना सारखाच आहे काय, हे पाहावे.

योग्य कारणाशिवाय आपणहून परतणाऱ्याला तिकीटही स्वतःच काढावे लागते. न कळवता सलग १५ दिवसांपेक्षा जास्त, किंवा वर्षात मिळून ३० दिवसांपेक्षा जास्त गैरहजर राहिले, तर लेखी ताकीद देऊन मालक सेवा-समाप्तीच्या रकमेशिवाय काढू शकतो.

ती रकम कशी मोजतात? पहिल्या ५ वर्षांसाठी दर वर्षी अर्ध्या महिन्याचा पगार, पुढे दर वर्षी एक महिन्याचा. ४,००० रियालच्या शिक्षकाचा तीन वर्षांचा करार पुरा झाला तर ६,००० रियाल. तोच तीन वर्षे भरल्यावर नव्या मुदतीत राजीनामा देऊन निघाला तर एक तृतीयांश, म्हणजे २,०००. दोन वर्षांच्या आत राजीनामा दिला तर काहीच नाही. सुटायचेच असेल तर मुदत संपण्याची वाट पाहावी आणि नवा करार नको हे वेळेत लेखी कळवावे, हाच फायद्याचा मार्ग आहे.

१४ मार्च २०२१ पासून काही अटींवर मालक बदलण्याची आणि मालकाच्या परवानगीशिवाय व्हिसा घेऊन देशाबाहेर जाण्याची सोय झाली आहे. पण दार उघडले म्हणून देणे फिटले असे होत नाही. करार मोडल्याचा हिशेब मागे राहतोच.

निघण्याआधी

दहावी पास माणसाच्या पासपोर्टला आपल्या सरकारच्या स्थलांतर मंजुरीची गरज नसते. याचा अर्थ मजुराचा करार मुंबईच्या कार्यालयात निदान तपासला जातो, पदवीधर शिक्षकाचा कुणीच तपासत नाही. ते काम घरच्यांनीच करायचे आहे. खालील गोष्टी लेखी घ्याव्यात :

१. कराराची मुदत आणि परीक्षेचा काळ.
२. वर्षात किती महिन्यांचा पगार, उन्हाळ्यासह.
३. वार्षिक रजेचे दिवस आणि महिना.
४. तातडीच्या रजेचे दिवस.
५. रजेचे तिकीट कुणाचे, घरच्यांचेही आहे काय.
६. करार मोडल्यास दोघांची भरपाई.
७. व्हिसावरचा हुद्दा शिक्षकाचाच आहे काय. हुद्द्याबाहेरचे काम करणे कायद्याला मंजूर नाही.

भरती, इकामा, कामाचा परवाना आणि जाऊन परत येण्याचा व्हिसा यांचा खर्च सौदी कायद्याने मालकावर टाकला आहे. एजंट नोंदणीकृत आहे काय ते सरकारच्या ई-मायग्रेट यादीत पाहावे. तिथे पोहोचल्यावर 'क़िवा' या सरकारी संकेतस्थळावर करार नोंदला जातो. तेथील आकडे आणि आपल्या हातातल्या प्रतीतले आकडे जुळले तरच मंजुरी द्यावी. पासपोर्ट स्वतःजवळ ठेवावा, मालकाला तो अडकवून ठेवता येत नाही. तंटा झाला तर आधी समेटासाठी आणि मग कामगार न्यायालयात जाता येते, पण नोकरी संपल्यापासून १२ महिन्यांच्या आत दावा करावा लागतो.

कराराची एक प्रत घरी ठेवावी. लग्नाची तारीख धरताना आणि घर बांधायला काढताना ती समोर घेऊन बसावे. मुलाला "कसेही करून ये" असा फोन करण्याआधी त्याच्या रजेचे कलम वाचावे. घरच्यांनी एवढे केले तर तिकडे मुलाची इज्जत राहील, आणि उद्या आपल्या गावचा दुसरा शिक्षक त्याच शाळेत अर्ज घेऊन गेला तर त्याला दार उघडे मिळेल.