प्रौढ वयातील गिटारशिक्षण : अडचणींचे स्वरूप आणि लहान टप्प्यांची उपयुक्तता

बीजसंज्ञा : अकूस्टिक गिटार, प्रौढ शिक्षण, हस्तकौशल्य, सराव, स्वरसंघ

१. प्रस्तावना

वाद्य शिकायचे ते लहानपणीच, अशी समजूत समाजात दृढ आहे. तिशी-चाळिशीनंतर हौसेने अकूस्टिक गिटार घेणारी व्यक्ती काही आठवड्यांनी ती खोळीत बंद करून ठेवते, तेव्हा त्यामागे बहुधा 'आता वय राहिले नाही' किंवा 'हे मुळात आपल्या अंगातच नाही' हा निष्कर्ष असतो. प्रस्तुत लेखात या निष्कर्षाची तपासणी केली आहे. प्रौढ नवशिक्याच्या अडचणी खऱ्या आहेत. परंतु त्यांपैकी काही वाद्याच्या घडणीतून, तर काही शिकण्याच्या सदोष आखणीतून निर्माण होतात. त्या दूर केल्यानंतर वयाचा जो वाटा उरतो, तो मानला जातो तेवढा निर्णायक नसतो. महाविद्यालयीन अध्यापकांना हा विषय दोन कारणांनी जवळचा आहे. शिकण्याची इच्छा मागे पडलेल्या वयोगटात ते स्वतः मोडतात. शिवाय 'विद्यार्थ्यात गुणवत्ता नाही' आणि 'शिकवण्याचा टप्पा फार मोठा होता' यांतील फरक ओळखणे हा त्यांच्या व्यवसायाचाच भाग आहे.

२. वाद्याची घडण आणि पहिले अडथळे

गिटारच्या सहा तारा जाडीकडून बारीकीकडे ई, ए, डी, जी, बी, ई अशा लावतात. सर्वांत जाड तारेची कंपनसंख्या सेकंदाला सुमारे ८२, तर सर्वांत बारीक तारेची सुमारे ३३० असते. म्हणजे दोन्ही टोकांच्या तारांत दोन सप्तकांचे अंतर असते. पोलादी तारांच्या अकूस्टिक गिटारवर सहा तारांचा एकत्रित ताण ७० किलोच्या आसपास असतो. नायलॉनच्या तारा लावलेल्या अभिजात गिटारवर तो सुमारे ४० किलो असतो. पोलादी गिटारची पहिली तार जेमतेम ०.३ मिलिमीटर जाडीची असते. ताणलेली ही बारीक तार बोटाच्या मऊ अग्रावर रुतते आणि दुखते. काही आठवड्यांच्या नियमित सरावाने तेथील त्वचा घट्ट होते व हे दुखणे ओसरते. मनगट दुखणे, बोटांत मुंग्या येणे किंवा बधिरपणा जाणवणे ही मात्र वेगळी बाब आहे. तशा वेळी वादन थांबवून बैठक व हाताची ठेवण तपासणे आणि त्रास कायम राहिल्यास वैद्यकीय सल्ला घेणे आवश्यक असते.

यापेक्षा महत्त्वाचा आणि सहसा दुर्लक्षित राहणारा मुद्दा तारांच्या उंचीचा आहे. बाराव्या पडद्यावर तारा साधारणपणे २ ते २.५ मिलिमीटर उंच असाव्यात. स्वस्त वाद्यांत ही उंची पुष्कळदा अधिक असते. पावसाळ्यात दमट हवेने लाकूड फुगले की वरची फळी किंचित वर येते आणि तारा आणखी उंचावतात. कोकण व गोव्याच्या हवेत हा अनुभव नित्याचा आहे. अशा वाद्यावर अनुभवी वादकालाही जोर लावावा लागतो. नवशिक्या मात्र दोष आपल्या बोटांना देतो. म्हणून शिकण्याची पहिली पायरी म्हणजे जाणकाराकडून वाद्य नीट करून घेणे आणि प्रारंभी बारीक किंवा नायलॉनच्या तारांचे वाद्य निवडणे ही होय. नायलॉनसाठी त्याच घडणीचे वाद्य घ्यावे, कारण पोलादी तारांच्या गिटारची रचना वेगळी असते. बोट पडद्यांमधील जागेच्या मध्यावर न टेकवता पुढील पडद्याच्या अगदी अलीकडे टेकवल्यास पुष्कळ कमी जोरात स्वच्छ स्वर निघतो, हेही सुरुवातीलाच सांगणे हिताचे ठरते.

३. वय आणि मेंदू : संशोधन काय सांगते?

लहानपणी सुरुवात करणाऱ्यांना काही लाभ होतो, हे नाकारता येत नाही. टी. एल्बर्ट व सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये तंतुवादकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या वादकांच्या मेंदूत डाव्या हाताच्या बोटांच्या संवेदनांसाठी राखलेला भाग इतरांपेक्षा मोठा आढळला, आणि ज्यांनी लवकर वादन सुरू केले होते त्यांच्यात हा परिणाम अधिक ठळक होता. तथापि, या निष्कर्षावरून प्रौढ मेंदू शिकतच नाही असा अर्थ काढणे सयुक्तिक नाही.

या संदर्भात घुबडांवरील एक प्रयोग उद्बोधक आहे. गव्हाणी घुबड दृष्टी व श्रवण यांचा मेळ घालून भक्ष्याचे स्थान ठरवते. एरिक नडसेन यांनी घुबडांच्या डोळ्यांवर लोलक बसवून त्यांचे दृश्य जग एका बाजूला सरकवले. पिल्लांच्या मेंदूने या बदलाशी जुळवून घेतले; प्रौढ घुबडांना मात्र ते फारच थोडे जमले. शिकण्याचा ठरावीक काळ संपला की दार बंद होते, या मताला त्यामुळे बळ मिळाले. २००२ मध्ये ब्री लिंकनहोकर व नडसेन यांनी हाच प्रयोग निराळ्या रीतीने केला. प्रौढ घुबडांना एकदम मोठा फरक न देता तो लहान लहान टप्प्यांनी वाढवत नेला. तेव्हा त्यांनी पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात जुळवून घेतले. प्रौढ मेंदूला अडचण बदलाची नव्हती, ती बदलाच्या एकदम येणाऱ्या मोठ्या मात्रेची होती.

न्यूयॉर्क विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ गॅरी मार्कस यांनी चाळिशीच्या उंबरठ्यावर, लयीचे अंग नसताना, गिटार शिकायला सुरुवात केली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'गिटार झीरो' या पुस्तकात त्यांनी आपल्या शिकण्याचा वृत्तांत आणि त्यामागील शास्त्र मांडले आहे. घुबडांच्या या प्रयोगाने त्यांनाही धीर दिला होता. ते निष्णात वादक झाले नाहीत, परंतु वाजवू लागले. प्रौढ नवशिक्यासाठी कसोटी हीच असावयास हवी.

४. लहान टप्प्यांचे तत्त्व : 'एफ' स्वरसंघाचे उदाहरण

स्वरसंघ म्हणजे एकाच वेळी छेडलेले किमान तीन स्वर. सी, जी, डी, ई मायनर हे सोपे स्वरसंघ जमल्यानंतर 'एफ' येतो आणि अनेकांचे शिक्षण तेथेच संपते. यात तर्जनी आडवी ठेवून पहिल्या पडद्यावर सहाही तारा दाबाव्या लागतात आणि उरलेली तीन बोटे पुढे न्यावी लागतात. पहिला पडदा तारांच्या टोकाला अगदी लागून असल्याने तेथे तारा सर्वाधिक ताठ वाटतात. शिवाय ६५० मिलिमीटर लांबीच्या तारेवर त्या टोकापासून पहिल्या पडद्यापर्यंतचे अंतर सुमारे ३६ मिलिमीटर, तर अकराव्यापासून बाराव्या पडद्यापर्यंतचे अंतर १९ मिलिमीटरच असते. म्हणजे नवशिक्याला सर्वांत अवघड आकार सर्वांत अवघड जागी शिकवला जातो.

हीच गोष्ट चार टप्प्यांत विभागता येते. पहिल्या टप्प्यात चौथ्या, तिसऱ्या व दुसऱ्या तारेवर एकेक बोट ठेवून पहिली तार मोकळी सोडावी. हा एफ नसून त्याचा जवळचा नातलग आहे, पण बोटांची ठेवण तीच आहे. दुसऱ्या टप्प्यात तर्जनीने केवळ दोन बारीक तारा दाबाव्यात. तिसऱ्या टप्प्यात पूर्ण आकार पाचव्या पडद्यावर घ्यावा. तेथे तो 'ए' होतो आणि तुलनेने सहज वाजतो. चौथ्या टप्प्यात तो आकार एकेक पडदा खाली आणत पहिल्यावर न्यावा. प्रत्येक टप्प्याला काही दिवस द्यावेत. अशा आखणीत बोटांची लवचीकता, वय किंवा प्रतिभा यांवर निकाल देण्याची वेळच येत नाही.

५. सरावाची आखणी

फिट्स व पोस्नर यांनी १९६७ मध्ये कौशल्यप्राप्तीच्या तीन अवस्था सांगितल्या : आधी काय करायचे ते समजून घेणे, मग हालचाली जुळवणे आणि शेवटी त्या आपोआप घडू लागणे. प्रौढ व्यक्ती पहिली अवस्था मुलापेक्षा लवकर ओलांडते. आकृती पाहून तिला स्वरसंघ क्षणात कळतो. हाताला मात्र तो कळायला काही आठवडे लागतात. बुद्धी आणि हात यांतील या अंतरालाच ती असमर्थता समजते. एरवी आपल्या विषयात निष्णात असणाऱ्यांना हे अंतर अधिक बोचते.

सरावाविषयी दोन निष्कर्ष उपयुक्त आहेत. शे व मॉर्गन यांच्या १९७९ च्या प्रयोगात, एकच हालचाल सलग घोटणाऱ्यांपेक्षा निरनिराळ्या हालचाली आलटूनपालटून करणाऱ्यांची कामगिरी सरावाच्या वेळी कमी दिसली. मात्र नंतरच्या चाचणीत तीच सरस ठरली. वॉकर व सहकाऱ्यांना २००२ मध्ये, बोटांच्या हालचालींचा क्रम शिकल्यानंतर रात्रीच्या झोपेने वेग सुमारे २० टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. या वाढीच्या प्रमाणाविषयी पुढे मतभेद झाले. तरी सराव विभागून करण्याच्या पक्षाला इतर पुरावाही भक्कम आहे. यावरून, रविवारी सलग दोन तास बसण्यापेक्षा रोजची वीस मिनिटे अधिक फलदायी ठरतात. त्यांतील पाच मिनिटे वाद्य सुरात लावणे व बोटे मोकळी करणे, दहा मिनिटे दोन-तीन स्वरसंघांची आलटूनपालटून अदलाबदल आणि पाच मिनिटे एखादे आवडीचे गाणे, अशी विभागणी करता येईल. लय इतकी विलंबित असावी की अदलाबदलीच्या वेळी उजवा हात थांबू नये.

६. ऐकलेल्या संगीताचे भांडवल

प्रौढ नवशिक्याजवळ मुलाकडे नसणारी एक शिदोरी असते, ती म्हणजे अनेक वर्षांचे श्रवण. भजन, नाट्यगीत व भावगीत ऐकत वाढलेल्या कानाला जी, सी व डी हे तीन स्वरसंघ परिचित भाषेत सांगता येतात. जी म्हणजे षड्ज मानला, तर ते अनुक्रमे सा-ग-प, म-ध-सा आणि प-नि-रे होतात. या तीन स्वरसंघांत बिलावल थाटाचे सातही स्वर येतात. म्हणूनच एवढ्या भांडवलावर असंख्य गाण्यांची साथ करता येते. गाणाऱ्याचा स्वर काळी चार असेल, तर पहिल्या पडद्यावर कॅपो नावाचा चिमटा लावून 'जी'चीच बोटे ठेवावीत. उजव्या हाताचे चार खाली व चार वर असे आठ आघात केरव्याच्या आठ मात्रांवर, तर तीन-तीनचे गट दादऱ्यावर चपखल बसतात.

तयार कान क्वचित अडसरही ठरतो. गिटारचे पडदे सप्तकाच्या बारा समान भागांवर बसवलेले असतात. त्यामुळे त्यावरील शुद्ध गंधार तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या स्वयंभू गंधारापेक्षा किंचित, म्हणजे एका अर्धस्वराच्या सुमारे सातव्या हिश्शाने, चढा असतो. सूक्ष्म कानाच्या व्यक्तीला वाद्य बेसूर लागल्याची शंका येते. हा दोष तिच्या हाताचा नसून वाद्याच्या स्वररचनेचा आहे, हे समजल्यास व्यर्थ खटपट टळते.

७. समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, प्रौढ वयात गिटार सोडून देण्याची कारणे बहुतांशी उंच तारा, चुकीच्या क्रमाने समोर आलेले स्वरसंघ, विस्कळीत सराव आणि बुद्धीच्या गतीने हात चालावा ही अपेक्षा यांत सापडतात. लवकर सुरुवात करणाऱ्याचा लाभ खरा असला, तरी तो प्रामुख्याने उच्च दर्जाच्या वादनाच्या संदर्भात महत्त्वाचा आहे. घरात चार माणसांच्या गाण्याला साथ करण्याच्या आड तो येत नाही. आपल्या संगीतपरंपरेने अलंकार व पलट्यांच्या रूपाने पाठ लहान करून देण्याची रीत फार पूर्वीच स्वीकारली आहे. प्रौढ नवशिक्याला तीच रीत गिटारवर वापरावयाची आहे. एखादा पाठ जमत नसेल, तर शिकणाऱ्याच्या पात्रतेविषयी निर्णय देण्यापूर्वी तो पाठ आणखी लहान करून पाहावा, हे पथ्य गिटारच्या वर्गात जितके लागू पडते तितकेच महाविद्यालयाच्या वर्गातही लागू पडते.