बुसरा : नंदुरबारच्या अंगणातील दुहेरी उपयोगाची कोंबडी

दिल्लीतील करोल बागेला लागून असलेला पुसा परिसर भारतीय कृषी अनुसंधान परिषदेमुळे अनेकांना परिचित आहे. या परिषदेच्या कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोकडे देशी पशुपक्ष्यांच्या जातींची नोंद होते. त्या यादीत महाराष्ट्राशी नाते सांगणारी एक कोंबडी आहे, ‘बुसरा’.

नंदुरबार व धुळे जिल्हे आणि लगतचा दक्षिण गुजरात हा तिचा मूळ प्रदेश. तेथील आदिवासी कुटुंबे ती परसात पाळतात. पांढऱ्या पिसांत मान, पाठ व शेपटीवर काळी आणि खांदे व पंखांवर तांबूस पिसे, डोक्यावर लाल एकेरी तुरा, ही तिची सर्वसाधारण ओळख. वजन एक किलोच्या आसपास भरते.

अंडी व मांस या दोहोंसाठी ती पाळली जाते. वर्षाला ती सुमारे ४० ते ५५ अंडी देते. अंड्याचे वजन २८ ते ३८ ग्रॅम असते. संकरित लेअर कोंबडी वर्षाला ३०० च्या आसपास अंडी देते, हे पाहता बुसरा तोट्याची वाटेल. परंतु संकरित कोंबडीला विकतचे खाद्य, शेड आणि उबवणी केंद्रातील पिल्ले लागतात. बुसरा दाणे, किडे व खरकटे वेचून पोट भरते, खुडूक बसून स्वतःच पिल्ले काढते आणि अडीअडचणीला बाजारात विकता येते. भांडवल नसलेल्या घराची ती जणू चालती-फिरती बचत आहे.

ही बचत धोक्यातही येते. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातील बर्ड फ्लूचा पहिला प्रादुर्भाव नवापूर येथे जाहीर झाला. रोग रोखण्यासाठी बाधित क्षेत्रातील शेडमधील कोंबड्यांबरोबर घरगुती कोंबड्याही नष्ट कराव्या लागल्या. २०२१ मध्ये तेथे हा रोग पुन्हा आढळला. मर्यादित प्रदेशातील जातीला असा आघात जड जातो. शिवाय सुधारित कोंबड्यांशी होणाऱ्या संकरामुळे मूळ गुण हळूहळू पुसले जातात.

२०१८-१९ पासून किसान क्रेडिट कार्डाची सुविधा पशुपालन व कुक्कुटपालनासही लागू झाली आहे. अशा प्रस्तावांचा विचार करताना केवळ अंड्यांची संख्या न पाहता खर्च वजा जाता हाती काय उरते, हे तपासणे उचित ठरेल. त्या हिशेबात बुसरासारखी देशी जात मागे पडेलच असे नाही. मात्र एकदा नामशेष झालेली जात कोणत्याही कर्जाने परत आणता येणार नाही.