भांडी घासणाऱ्या हातांसाठी घरचा सौम्य हँडवॉश

वस्तीत आरोग्य शिबिर लावलं की रक्तदाब आणि साखर तपासायला रांग लागते. हात दाखवायला मात्र कुणी येत नाही. नाडी बघताना आम्हालाच दिसतं, बोटांची पेरं तडकलेली, कातडी खरबरीत, कुठे रक्ताची बारीक चीर. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "सिस्टर, चार घरची भांडी आहेत, एवढं चालायचंच."

चालायचं नाही, भगिनींनो. असे हात असलेली बाई हळूहळू साबणच टाळायला लागते, कारण तो झोंबतो. संडासाहून आल्यावर, बाळाला भरवण्याआधी ती नुसतं पाणी घेते. मग घरात जुलाब येतात आणि बोल तिलाच लागतो, की बाई स्वच्छता पाळत नाही. सफाईकाम करणाऱ्या बांधवांचंही हेच.

आपल्या त्वचेवर तेलाचा एक पातळ थर असतो. भांड्यांची वडी, कपड्यांची पावडर, धुण्याचा सोडा हे त्या थराला रोज खरवडतात. त्वचा किंचित आंबट गुणाची असते आणि साबण सोड्याच्या गुणाचा, त्यामुळे तडकलेल्या हाताला अंगाचा साबणही लागतो. म्हणून हात धुवायला भांड्यांची वडी तर कधीच वापरू नका.

घरी हँडवॉश करायला सोपा आहे. पण आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. कडक साबण पाण्यात विरघळवला म्हणून तो सौम्य होत नाही. सगळं अवलंबून आहे मूळ वडीवर. ग्लिसरीनचा किंवा लहान मुलांचा साबण घ्या, शक्य तो बिनवासाचा, बिनरंगाचा. नुसत्या 'बेबी' शब्दावर जाऊ नका, त्यातही पुष्कळदा सुगंध असतो आणि नाजूक कातडीला बहुतेक वेळा तोच बाधतो. वेष्टनावर 'टीएफएम' असं लिहिलेलं असतं, म्हणजे साबणातल्या स्निग्ध अंशाचं प्रमाण. पहिल्या प्रतीच्या अंगाच्या साबणात ते किमान ७६ टक्के असतं. नुसतं 'बाथिंग बार' लिहिलेल्या वड्यांत बरंच कमी असू शकतं. जंतुनाशक साबणासाठी जास्त पैसे मोजायची गरज नाही. साध्या साबणाने २० सेकंद चोळून धुतलेले हात पुरेसे स्वच्छ होतात.

७५ ग्रॅमची वडी असेल तर अर्धीच घ्या आणि खोबऱ्याच्या किसणीवर बारीक किसा. किसणी नंतर घासून ठेवा, नाहीतर उद्याच्या चटणीला फेस यायचा! सुमारे ६०० मिली पाणी खळखळ उकळून गॅस बंद करा, त्यात कीस घाला आणि विरघळेपर्यंत ढवळा. पाणी नळाचंच घ्या. बोअरच्या जड पाण्यात साबण फाटतो, वर साय धरतो आणि हाताला चिकट राहतो. कोमट झाल्यावर मेडिकलमधलं साधं ग्लिसरीन दोन चहाचे चमचे घाला, ते त्वचेत ओलावा धरून ठेवतं. झाकून रात्रभर ठेवा. सकाळी फार घट्ट झालं असेल तर थोडं उकळलेलं गरम पाणी घालून रवीने घुसळा. साबणागणिक फरक पडतो, पातळ राहिलं तरी काम तेच करतं.

यात लिंबू पिळू नका, साबण फाटतो. कडुलिंबाचा पाला, कोरफडीचा ताजा गर, बेसन हेही नको. पाणी मिसळलं की साबणातही जंतू वाढू शकतात आणि अशा वस्तू त्यांना खाद्य पुरवतात. विकतच्या हँडवॉशमध्ये टिकवण्याचं औषध असतं, आपल्यात नाही. म्हणून दोन आठवड्यांत संपेल एवढंच करा. बाटली धुऊन, पूर्ण वाळवून भरा. जुन्यावर नवं ओतू नका. वास बदलला, ठिपके दिसले, तर सरळ फेकून द्या.

मोबाईलवर कॉस्टिक पोटॅश आणि तेलापासून साबण करायच्या चित्रफिती फिरतात. एका खोलीच्या घरात, जिथे पोरं चुलीपाशीच खेळतात, तिथे हा उद्योग आम्ही ठामपणे नको म्हणतो. ते कातडी जाळतं आणि डोळ्यात उडालं तर दृष्टी जाऊ शकते.

नवा हँडवॉश आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडा लावून, धुऊन बघा. असं दोन-तीन दिवस करा. लाली, खाज आली नाही तरच रोज वापरा. हात धुताना अंगठी काढा. तिच्याखाली साबण अडकून राहतो आणि नेमकी तिथलीच कातडी आधी खराब होते. फार गरम पाणी नको. फडक्याने घासू नका, टिपून घ्या आणि हात ओलसर असतानाच खोबरेल तेलाचे दोन थेंब किंवा व्हॅसलिन चोळा. झोपताना तर नक्कीच. आमच्या अनुभवात निम्मा गुण या तेलाचाच असतो.

कामावर हातमोजे मागा. मागायला लाज कसली, ज्यांची भांडी घासतो त्यांनीच ते द्यायचे. रबरी मोज्यांत घाम येऊन खाज सुटते, म्हणून आत पातळ सुती मोजे घाला आणि आतून ओले झाले की बदला.

चिरांतून पू येत असेल, सूज असेल, तर सरकारी दवाखान्यात दाखवा. बोटांच्या बेचक्यात रात्री खाज वाढत असेल आणि घरात आणखी कुणाला तीच खाज असेल, तर ती खरूज असू शकते. ती कुठल्याही साबणाने जात नाही, सगळ्या घराने एकाच वेळी औषध लावावं लागतं. मेडिकलवाल्याने हातावर ठेवलेली खाजेची ट्यूब परस्पर लावू नका. अशा पुष्कळ ट्यूबांत स्टेरॉइड असतं, चार दिवस बरं वाटतं आणि मग आजार पसरतो. जी ट्यूब लावली असेल तिचं वेष्टन टाकू नका, दवाखान्यात जाताना सोबत न्या.