पान वाचणारं माणूस

लिहायला शिकवणारा अभ्यासक्रम ऑनलाइन घ्यायचा, तर त्यात रोजचं काम नेमकं काय असतं? हे मी मराठवाड्यातल्या आमच्या भूमला जवळून पाहिलं. आमच्या गल्लीतली एक मुलगी, बी.ए.च्या पहिल्या वर्षाची. श्रेयांकासाठी तिने ‘स्वयम’वरचा लेखनकौशल्याचा अभ्यासक्रम निवडला होता. घरची खव्याची भट्टी, त्यामुळे सकाळ तिकडे जायची. दुपारी कॉलेज. संध्याकाळी मोबाईल आणि वही घेऊन ती माझ्याकडे. मी मराठी शिकवून निवृत्त झालेली बाई. ‘मॅडम, एवढं सांगा ना’ म्हणत ती ओट्यावर बसायची आणि आमची बैठक जेवणवेळेपर्यंत चालायची.

‘स्वयम’ केंद्र सरकारचं. 9 जुलै 2017 ला ते सुरू झालं. शिकायला पैसे पडत नाहीत, फी भरायची ती परीक्षेची. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2016 च्या नियमांत अशा अभ्यासक्रमांतून 20 टक्क्यांपर्यंत श्रेयांक घ्यायला मुभा दिली होती, ती 2021 मध्ये 40 टक्क्यांवर नेली. रेल्वे नसलेल्या, एसटीच्या वेळापत्रकावर चालणाऱ्या आमच्या तालुक्याच्या गावी याचं मोल किती, ते इथे राहणाऱ्यालाच कळेल. गढवालमधल्या श्रीनगरला, हेमवतीनंदन बहुगुणा विद्यापीठात शिकवणारे डॉ. अजय सेमल्टी यांचा ‘अकॅडेमिक रायटिंग’ हा अभ्यासक्रम देशभरातल्या विद्यार्थ्यांनी घेतला. हिमालयाच्या कुशीतला प्राध्यापक बालाघाटाच्या डोंगरावरच्या मुलीला फुकट ऐकायला मिळतो, ही मोठीच गोष्ट आहे. माझ्या वेळी आम्हाला एका संदर्भग्रंथासाठी बार्शी नाहीतर सोलापूर गाठावं लागायचं.

तिच्या अभ्यासक्रमाचे भाग चार: चित्रफितीतलं व्याख्यान, वाचायची टिपणं, स्वतःला तपासायच्या चाचण्या आणि शंका विचारायची जागा. मुलगी व्याख्यान मन लावून ऐकायची. प्राध्यापक इंग्रजीत बोलायचे, म्हणून ती दर दोन वाक्यांनी थांबवायची, वहीत मराठीत उतरवून घ्यायची, पुन्हा सुरू करायची. अर्ध्या तासाच्या व्याख्यानाला दीड तास लागायचा. तिच्या वहीत सगळं नीट होतं. परिच्छेदात एकच मुद्दा असावा. पहिल्या वाक्याने तो सांगावा. दाखले द्यावेत. मग चाचणी. परिच्छेदाचं मुख्य वाक्य कोणतं, चार पर्याय, एकावर बोट. तिला जवळजवळ पैकीच्या पैकी गुण पडायचे. अशा अभ्यासक्रमांत या अंतर्गत कामाला साधारण 30 टक्के भार असतो आणि केंद्रावर जाऊन संगणकावर द्यायच्या शेवटच्या परीक्षेला 70. तिथेही बहुतेक प्रश्न पर्यायांचेच.

निम्मा अभ्यासक्रम झाला, तरी तिने स्वतःचा म्हणून एक परिच्छेद लिहिलेला नव्हता. दोष तिचा नव्हता. कुणी मागितलाच नव्हता.

मी म्हटलं, ‘अगं, तुमच्या भट्टीवर लिही.’ दुसऱ्या दिवशी तिने आणलं ते असं: ‘खवा हा भूम तालुक्यातील महत्त्वाचा व्यवसाय आहे. या व्यवसायामुळे अनेकांना रोजगार उपलब्ध होतो. खव्यापासून पेढा, गुलाबजाम इत्यादी पदार्थ बनतात. शासनाने या व्यवसायाकडे लक्ष देणे गरजेचे आहे.’

चुकीचं एकही वाक्य नाही. शिकवलेले नियमही पाळलेले. आणि तरी हे पुण्यात बसून कुणीही लिहील. कुंथलगिरीचा पेढा नुसता खाऊन माहीत असलेला माणूससुद्धा लिहील. जिच्या घरात पहाटेपासून दूध आटतं, तिच्या परिच्छेदात धूर नव्हता, कढई नव्हती, आई नव्हती. शाळेत आपण मुलांना निबंध म्हणून हेच लिहायला लावतो, हे मी तिला सांगितलं आणि मग नुसते प्रश्न विचारत गेले. भट्टीजवळ गेलीस की पहिलं काय दिसतं? हात कधी थांबतो? खवा झाला हे कळतं कशावरून? बिघडला तर काय होतं? ती भराभर सांगत सुटली, हातवारे करत. मी म्हटलं, ‘हेच लिही. आत्ता बोललीस तसंच.’

तिने मोबाईलच्या माइकवर बोलून लिहिलं. गूगलने 2017 मध्ये मराठीला ही सोय दिली, तेव्हापासून आमच्याकडची पोरं मराठी टंकायला बसत नाहीत, बोलतात. त्यातून जे उतरलं त्यात एक पूर्णविराम नव्हता. ‘दूध आटायलंय’ हे यंत्राला कळलंच नाही, त्याने भलतेच तीन शब्द मांडले. पण मजकूर जिवंत होता. तो मी तिला मोठ्याने वाचायला लावला. जिथे दम तुटला तिथे पेन्सिलीने रेघ मारायची. मग त्या रेघांतल्या कुठल्या खरंच वाक्य संपल्याच्या आणि कुठल्या नुसत्या श्वासाच्या, ते ठरवायचं. शुद्धलेखनाचे नियम मी शेवटी काढले. साहित्य महामंडळाचे 1962 चे 14 आणि 1972 ला भर पडून 18 झालेले हे नियम माझ्या पिढीने छडीच्या धाकाने पाठ केले. तिला ते स्वतःच्या वाक्यांत लागले, तेव्हा ‘पाणी’ दीर्घ आणि ‘आणि’ ऱ्हस्व हे तिने फार न सांगता उचललं.

बरेच दिवस घासून झालेला परिच्छेद तिच्या परवानगीने देते:

‘कढईत दुधाला उकळी आली की आई जाळ वाढवते आणि लांब दांड्याचं उलथणं हातात घेते. तिथून पुढे हात थांबत नाही. थांबला तर तळाला लागतं, सगळ्या खव्याला करपट वास येतो आणि तो खवा व्यापारी घेत नाही. दूध घट्ट होऊन कढईची कड सोडायला लागलं की ती जळती लाकडं मागे ओढते. पाच लिटर दुधाचा साधारण किलोभर खवा पडतो, म्हशीचं असलं तर थोडा जास्त. आईच्या उजव्या मनगटाला कापडाची पट्टी असते. मनगट दुखतं म्हणून की शिंतोडे उडतात म्हणून, हे मी कधी विचारलं नव्हतं. काल विचारलं. दोन्हीसाठी.’

याच्या शेवटी तिने आणखी एक वाक्य ठेवलं होतं: ‘अशा प्रकारे आईचे कष्ट अनमोल आहेत.’ ते काढायला ती तयार नव्हती. निबंध असाच संपवायचा असतो, हे तिच्या बोटांत बसलेलं. मी तिला दोन्ही परिच्छेद आईला वाचून दाखवायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी वाक्य गेलेलं होतं. आई काय म्हणाली ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

लिहिलेलं कुणीतरी वाचायचं, ही रीत जुनीच. पहिल्या वर्षाला लेखन सक्तीने शिकवायची पद्धत हार्वर्डला 1885 मध्ये बसली. ‘इंग्लिश ए’ त्या वर्गाचं नाव. त्याचा सगळा भार शिक्षकांच्या लाल पेनावर होता, मुलांनी लिहायचं आणि शिक्षकांनी ढिगाने वाचायचं. आपल्याकडे 1985 ला इग्नू निघालं आणि 1989 ला नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचं ब्रीद. इग्नूने दूरशिक्षणात स्वाध्यायाला साधारण 30 टक्के गुण ठेवले आणि तपासणाऱ्याने शेरे लिहून वही परत करावी, अशी रीत घातली. शेरा म्हणजे दूरच्या माणसाने तुमचं पान वाचल्याची खूण. 2013 मध्ये ड्यूक विद्यापीठाच्या डेनिस कोमर यांनी लेखनाचा अभ्यासक्रम ‘कोर्सेरा’वर आणला. नावं नोंदवणारे 80 हजारांच्या वर. एवढ्या वह्या एक बाई कशा वाचणार? म्हणून विद्यार्थ्यांनीच एकमेकांचे खर्डे वाचून अभिप्राय द्यायचे असं ठरवलं. शेवटपर्यंत थोडेच टिकले, तरी विचार पक्का होता. संख्या कितीही वाढली, तरी वाचणारं माणूस काढून टाकलेलं नव्हतं.

आम्ही तेच घरगुती पातळीवर केलं. तिची एक मैत्रीण शेजारच्या वाशीहून कॉलेजला यायची, तिने एसटीच्या गर्दीवर लिहिलं. दोघींनी एकमेकींचं वाचायचं आणि फक्त दोन गोष्टी सांगायच्या: कुठलं वाक्य डोळ्यांसमोर उभं राहिलं, आणि कुठे कळलं नाही. ‘छान आहे’ म्हणायला बंदी. पहिल्यांदा दोघी लाजल्या. नंतर मात्र मला तोंड घालावं लागेना.

मध्ये एकदा मैत्रिणीने एआयकडून लिहून घेतलेला परिच्छेद आणला. गुळगुळीत, बिनचूक, आणि एसटीत कधीही न बसलेल्याने लिहिल्यासारखा. मी रागावले नाही. जिथे कुणी वाचणारच नाही, तिथे मूल स्वतः कशाला लिहील? भट्टीवर लिहिणाऱ्या मुलीनेच तिला विचारलं, ‘यात तू कुठे उभी होतीस गं?’ मैत्रिणीने कागद घडी घालून पर्समध्ये टाकला आणि नवं लिहायला घेतलं.

ऑनलाइन अभ्यासक्रम वाईट, असं मी म्हणणार नाही. व्याख्यानं चांगली होती आणि त्यांतून मलाही काही नवं कळलं. पण लेखनाच्या अभ्यासक्रमात निम्मंच काम पडद्यावर होऊ शकतं. उरलेलं निम्मं समोर बसलेल्या वाचकाचं आहे, आणि ते करणारं माणूस आज नेमलेलंच नसतं.

नव्या शैक्षणिक धोरणाने भाषेचा आणि कौशल्याचा अभ्यास पहिल्या वर्षापासून आणला आहे. तेव्हा मराठवाड्यातल्या महाविद्यालयांना माझं एवढंच सांगणं: ‘स्वयम’वर नाव नोंदवणाऱ्या मुलांच्या यादीशेजारी त्यांचं लिहिलेलं वाचणाऱ्याचंही नाव लिहा. भूम, परंडा, वाशीत निवृत्त शिक्षक घरोघर आहेत. गुरुजी, बाई, आठवड्यातला एक तास काढा. गल्लीतल्या एका पोराला किंवा पोरीला बोलवा आणि म्हणा, लिहिलेलं वाचून दाखव.