तीन विहिरी, तीन नावे

गावाला हे नाव कसे पडले, असे विचारले की जुनी माणसे एखादी गोष्ट सांगू लागतात. वेळूच्या बनावरून वेणुग्राम आणि त्याचे पुढे बेळगाव, ही गोष्ट आपल्या भागात लहानपणापासून कानांवर पडते. ज्यू लोकांच्या हिब्रू धर्मग्रंथात, म्हणजेच ख्रिस्ती बांधवांच्या 'जुन्या करारात', अशा गोष्टी पानोपानी भेटतात.

आपल्याकडे 'वाडी' किंवा 'हळ्ळी' ऐकताच जशी वस्ती डोळ्यांपुढे येते, तसेच तिथल्या नावांचे आहे. 'बेथ' म्हणजे घर. म्हणून बेथेल हे देवाचे घर, तर बेथलेहेम हे भाकरीचे घर. 'एन' म्हणजे झरा आणि 'बैर' म्हणजे विहीर. मुलूख कोरडा, त्यामुळे जिथे पाणी तिथे वस्ती, आणि जिथे वस्ती तिथे वादही!

हा वाद 'उत्पत्ती' या पुस्तकाच्या २६ व्या अध्यायात आला आहे. अब्राहामाने खणलेल्या विहिरी पलिष्टी लोकांनी मातीने बुजवून टाकल्या होत्या. त्याचा मुलगा इसहाक याने त्या पुन्हा उकरल्या आणि वडिलांनी ठेवलेलीच नावे त्यांना दिली. पुढे गराराच्या खोऱ्यात त्याच्या चाकरांना जिवंत पाण्याचा झरा लागला. लगेच तिथले गुराखी धावून आले. पाणी आमचे, असे म्हणून भांडू लागले. इसहाकाने त्या विहिरीला नाव दिले 'एसेक', म्हणजे तंटा. दुसरी विहीर खणली, तिच्यावरूनही भांडण झाले. तिचे नाव 'सितना', म्हणजे वैर. 'सैतान' हा शब्दही याच धातूचा. इसहाक आणखी पुढे सरकला आणि त्याने तिसरी विहीर खणली. तिच्यावर मात्र कोणी हक्क सांगितला नाही. तिला त्याने 'रहोबोथ' म्हटले, म्हणजे ऐसपैस जागा. आजच्या इस्रायलमधील रहोवोत हे शहर १८९० मध्ये वसले, त्याने हेच नाव घेतले.

कथा इथेच संपत नाही. गराराचा राजा अबीमलेख स्वतः इसहाकाकडे आला. दोघे एका पंगतीला जेवले आणि सकाळी उठून त्यांनी शपथ वाहिली. त्याच दिवशी चाकरांना आणखी एका विहिरीत पाणी लागले. ते ठिकाण बैर-शेबा. हिब्रूत 'सात' आणि 'शपथ' हे शब्द एकाच धातूचे. त्यामुळे ही शपथेची विहीर, की अब्राहामाने पूर्वी करार करताना दिलेल्या सात मेंढ्यांची? ग्रंथाने दोन्ही गोष्टी जपून ठेवल्या आहेत.

अर्थात ग्रंथातली प्रत्येक व्युत्पत्ती भाषाशास्त्राला मान्य होईल असे नाही. बाबेल या नावाचा संबंध ग्रंथ 'बालल', म्हणजे घोटाळा करणे, या शब्दाशी जोडतो, कारण तिथे माणसांच्या भाषेचा घोटाळा झाला. बाबेलच्या रहिवाशांच्या अक्कादी भाषेत मात्र 'बाब-इली' म्हणजे देवाचे द्वार! यरुशलेमचे नाव तर इस्राएली राजांच्याही आधीचे. १८८७ मध्ये इजिप्तमधील अमार्ना येथे सापडलेल्या मातीच्या पत्रांत ते 'उरुसलिम' असे आढळते. ही पत्रे इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकातली आहेत.

आज त्याच भूमीवर दोन समाज हक्क सांगतात आणि एकाच गावाला दोन नावांनी हाक मारतात. हिब्रू बेथलेहेम हे अरबीत 'बैत लहम'. एका भाषेत भाकरीचे घर, दुसरीत मांसाचे; पण 'लहम' हा मूळ शब्द अन्नाचाच. हेब्रोनच्या धातूत सोबत, मैत्री हा अर्थ आहे. अरबी लोक त्याच गावाला 'अल-खलील' म्हणतात, म्हणजे मित्र. हा मित्र म्हणजे दोघांचाही पूर्वज अब्राहाम, अरबीतला इब्राहिम. नावांच्या मुळाशी एवढी जवळीक असूनही तिथला तंटा मिटलेला नाही, हे दुःख आहे. सीमाभागात राहणाऱ्यांना ते वेगळे समजावून सांगायला नको.

कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, म्हणजे बेने इस्रायल, यांनी आपल्या गावांवरून पेणकर, रोहेकर, केहिमकर अशी आडनावे घेतली. १९४८ नंतर त्यांच्यातले बरेचजण इस्रायलला गेले आणि काही कुटुंबे बैर-शेबातच स्थायिक झाली. शपथेच्या त्या विहिरीच्या गावी आज पेण आणि रोहे ही नावेही नांदत आहेत. इसहाकाने वडिलांच्या विहिरींची नावे जपली, तशी या मंडळींनी आपल्या गावांची जपली.