सगळं वाचलेलं असतं, तरी तासाभरात बोलती बंद का होते? चार्टर्ड सर्व्हेअरच्या परीक्षेची उजळणी नेमकी करायची कशी

गावाकडं कुणाला सांगितलं, की आमचा पोरगा सर्व्हेअर आहे, तर पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "मग आमच्या बांधाची मोजणी कधी करून देतोय?"

त्यात गावाची चूक नाही. आपल्याकडं सर्व्हेअर म्हटलं की भूमी अभिलेखचा भूकरमापकच डोळ्यासमोर येतो. पण मुंबई-पुण्यातल्या मोठ्या प्रोजेक्टवर आणि दुबई, दोहा, रियाधच्या साईट ऑफिसात आणखी एक सर्व्हेअर बसलेला असतो. त्याला म्हणतात क्वांटिटी सर्व्हेअर. हा जमीन मोजत नाही, बांधकामातला पैसा मोजतो. कॉंक्रिट किती लागलं, बिल किती निघालं, डिझाईन बदललं तर खर्च कुणाच्या डोक्यावर, हे सगळं त्याच्याकडं.

सिव्हिल इंजिनिअरिंग करून या लाईनीत गेलेल्या मराठी पोरांची संख्या कमी नाही. आणि पाच-सात वर्षं काम झालं की यातल्या बऱ्याच जणांच्या डोक्यात एकच गोष्ट घोळायला लागते. नावापुढं 'एमआरआयसीएस' लागलं पाहिजे. गल्फमधल्या सीनियर पोस्टच्या जाहिरातीत ही अक्षरं दिसतात, पगाराच्या बोलणीत उपयोगी पडतात, म्हणून.

आता अडचण अशी, की कामात वाघ असलेली माणसं या परीक्षेत अडकतात. अभ्यास कमी पडतो म्हणून नाही. उजळणी चुकीच्या पद्धतीनं होते म्हणून.

आधी बघू, ही परीक्षा आहे कसली

आरआयसीएस म्हणजे रॉयल इन्स्टिट्यूशन ऑफ चार्टर्ड सर्व्हेअर्स. १८६८ साली लंडनमध्ये सुरू झालेली ही संस्था, १८८१ मध्ये तिला राजसनद मिळाली. चार्टर्ड हा शब्द त्या सनदेवरून आला. मेंबर होण्याचा नेहमीचा रस्ता म्हणजे असेसमेंट ऑफ प्रोफेशनल कॉम्पिटन्स, सगळे त्याला एपीसी म्हणतात.

यात तीन तासांचा पेपर नसतो. तुमच्या कामाचा अनुभव ठरलेल्या मुद्द्यांवर लिहून द्यायचा. तुम्ही केलेल्या एका प्रोजेक्टवर ३,००० शब्दांपर्यंतची केस स्टडी द्यायची. शिकण्यासाठी काय-काय केलं, कुठले सेमिनार, कुठलं वाचन, याची नोंद द्यायची. आणि मग शेवटी एक तासाची मुलाखत. समोर दोन किंवा तीन असेसर, सगळे या धंद्यातलेच. पहिली १० मिनिटं केस स्टडीचं प्रेझेंटेशन, पुढची १० मिनिटं त्याच्यावर प्रश्न, आणि उरलेला वेळ बाकीच्या अनुभवावर, नियमांवर, नीतिमत्तेवर.

म्हणजे दोन-पाच वर्षांचं काम आणि त्याचा निकाल एका तासात.

प्रश्नपत्रिका तुम्हीच लिहिलेली असते

बहुतेक जण तारीख आली की पहिलं काय करतात? पीडीएफ गोळा करतात. व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरणारे 'पाचशे संभाव्य प्रश्न' प्रिंट काढतात. सीनियरच्या नोट्स, त्याच्या सीनियरच्या नोट्स. इंजिनिअरिंगला सेमिस्टरच्या आदल्या रात्री झेरॉक्स सेंटरवर जे केलं तेच.

पण असेसरच्या हातात तो पाचशे प्रश्नांचा गठ्ठा नसतो. त्याच्या हातात तुमचं सबमिशन असतं. तुम्ही लिहिलं असेल, की अमुक टॉवरच्या पोडियमचं मेजरमेंट केलं, तर तो विचारणार, कुठल्या पद्धतीनं केलं? भारतात असाल तर आयएस १२०० का, गल्फमध्ये असाल तर पोमी का, दुसरं काही का नाही? तुम्ही लिहिलं असेल, की मार्चमध्ये कॉन्ट्रॅक्टवरचा वेबिनार ऐकला, तर तो विचारणार, त्यातून काय शिकलात आणि कुठं वापरलंत? इथंच पुष्कळ जण गार पडतात. कारण ती ओळ तास भरावेत म्हणून टाकलेली असते.

त्यामुळं उजळणीचं पहिलं पुस्तक म्हणजे स्वतःचं सबमिशन. प्रिंट काढायची, पेन्सिल घ्यायची आणि प्रत्येक वाक्याखाली 'का?', 'कशावरून?', 'दुसरा पर्याय काय होता?' असे प्रश्न लिहायचे. शत्रूनं वाचावं तसं वाचायचं. केस स्टडीतले आकडे, म्हणजे कॉन्ट्रॅक्टची रक्कम, क्षेत्रफळ, किती टक्के बचत झाली, हे झोपेतून उठवलं तरी सांगता यायला हवेत. स्वतःच्याच प्रोजेक्टची रक्कम आठवत नसेल, तर ते काम तुम्ही केलंय यावर समोरचा विश्वास का ठेवेल?

हायलायटर ठेवा बाजूला

वाचताना सगळं समजतंय असं वाटतं, आणि हीच फसगत आहे. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक साधा प्रयोग केला. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा दोनदा वाचला. काहींनी एकदा वाचला आणि मग न बघता आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी तपासलं तर दोनदा वाचणारे पुढं होते. एका आठवड्यानं तपासलं तेव्हा गंमत उलटली. आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात सरासरी ५६ टक्के राहिलं होतं, नुसतं वाचणाऱ्यांच्या ४२ टक्के.

एपीसीला तर नुसतं आठवूनही भागत नाही. तोंडानं, सरळ वाक्यात, समोरच्याच्या डोळ्यात बघून सांगावं लागतं. मग सरावही तोंडानंच झाला पाहिजे. फोनवर रेकॉर्डिंग लावा, एक प्रश्न घ्या, दोन मिनिटं बोला, मग ऐका. पहिल्यांदा ऐकताना लाज वाटते, हे खरं. पण 'ॲक्च्युअली' किती वेळा आलं आणि मुद्दा कितव्या वाक्यात आला, हे दुसरं कोणी सांगणार नाही.

आणखी एक चांगली कसोटी घरातच मिळते. रिटेन्शन मनी म्हणजे काय, हे आईला मराठीत समजावून सांगा. प्रत्येक बिलातून थोडी रक्कम मालक राखून ठेवतो, काम नीट पूर्ण झालं आणि दोष दुरुस्त झाले की परत देतो. एवढं सोपं करून सांगता आलं, आईनं "मग तोवर कॉन्ट्रॅक्टरनं मजुरांना कुठून द्यायचे?" असं विचारलं आणि त्याचंही उत्तर देता आलं, तर विषय कळला. मग तेच इंग्रजीत. पाठ केलेलं इंग्रजी पहिल्या उपप्रश्नाला कोसळतं, कळलेलं टिकतं.

'आम्ही' बिल केलं, 'आम्ही' निगोशिएट केलं

ही खास आपली अडचण. मराठी माणूस स्वतःच्या कामाबद्दल बोलताना 'मी' म्हणायला संकोचतो. "आम्ही ते सॉर्ट केलं", "आमच्या टीमनं बघितलं". घरी, ऑफिसात हा नम्रपणा शोभतो. मुलाखतीत तो अंगावर येतो. असेसरला टीमला पास करायचं नसतं, तुम्हाला करायचं असतं. सगळी उत्तरं 'वी' वर चालली, की तो हमखास विचारतो, यात तुमचा भाग कोणता?

त्याचा अर्थ सगळं श्रेय ओढायचं असा नाही. "रेट अ‍ॅनालिसिस मी केलं, कॉन्ट्रॅक्टरबरोबरच्या मीटिंगमध्ये माझे मॅनेजर बोलले, मी त्यांना आकडे दिले." एवढं प्रामाणिक उत्तर पुरतं. रेकॉर्डिंग ऐकताना 'वी' मोजा. डोकं धरून बसाल.

एकच विषय, तीन पायऱ्या

एपीसीत प्रत्येक कौशल्याच्या तीन पातळ्या असतात. पहिली म्हणजे माहिती आहे का, दुसरी म्हणजे स्वतः वापरलंय का, तिसरी म्हणजे त्यावर कारणांसकट सल्ला दिलाय का. पहिली पायरी सगळे पाठ करतात, माणसं घसरतात ती तिसरीवर.

एक उदाहरण घेऊ. गल्फमध्ये मोठी कामं बरेचदा फिडिकच्या कॉन्ट्रॅक्टवर किंवा त्यात बदल करून चालतात. फिडिकच्या १९९९ च्या रेड बुकात कलम २०.१ आहे. कॉन्ट्रॅक्टरला जादा वेळ किंवा पैसे हवे असतील, तर घटना कळल्यापासून किंवा कळायला हवी होती तेव्हापासून २८ दिवसांत नोटीस द्यावी लागते. नाही दिली, तर हक्क जातो.

इथवर पहिली पायरी झाली.

आता समजा, नाशिकचा एक क्वांटिटी सर्व्हेअर दुबईत मालकाच्या बाजूनं कन्सल्टंट म्हणून काम करतोय. कॉन्ट्रॅक्टरची नोटीस ३५ व्या दिवशी आली. त्यानं मीटिंगचे मिनिट्स, ईमेल, ड्रॉइंग कधी दिलं त्याच्या नोंदी काढल्या. कॉन्ट्रॅक्टरला नेमकं कधी कळलं याची तारीख लावली. मूळ कलमात स्पेशल कंडिशन्सनी काही बदल केलाय का ते पाहिलं. ही दुसरी पायरी.

तिसरी अशी, की त्यानं क्लायंटला काय सांगितलं? "कलमाप्रमाणं क्लेम फेटाळता येईल. पण ड्रॉइंग उशिरा आपल्याकडूनच गेलं आहे. वाद वाढला तर त्याचा खर्च आणि कामावरचा परिणाम इतका-इतका होऊ शकतो. म्हणून आपला हक्क राखून ठेवून आधी क्लेमची खरी किंमत काढू आणि मग ठरवू." हा सल्ला बरोबर की चूक यावर दोन सीनियर भांडतीलही. पण त्यात पर्याय आहेत, कारणं आहेत, धोका सांगितला आहे. असेसरला तेच ऐकायचं असतं.

आपल्या प्रत्येक मुख्य विषयासाठी अशी एक खरी गोष्ट तयार ठेवायची. पुस्तकातली नाही, आपल्या साईटवरची. ज्याच्याकडं तिसऱ्या पायरीची गोष्टच नाही, त्यानं मुलाखतीची तारीख पुढं ढकलणं शहाणपणाचं.

दिवाळीचा बॉक्स

नीतिमत्तेचे प्रश्न सोपे वाटतात. "खोटं बोलणार नाही, लाच घेणार नाही", संपलं. पण प्रश्न असा सरळ येत नाही. टेंडर उघडायला आठवडा आहे, बोली लावणाऱ्या एका व्हेंडरनं दिवाळीची भेट पाठवली. वर सुका मेवा आहे, खाली चांदीचं नाणं. काय कराल?

"आमच्याकडं अशी पद्धत आहे" हे उत्तर इथं चालत नाही. पद्धत खरी असली तरी. कंपनीचं भेटवस्तूंबद्दलचं धोरण काय, भेट कधी आली, बाहेरच्या माणसाला हे कसं दिसेल, वरिष्ठांना कळवलं का, परत केल्याची नोंद रजिस्टरला झाली का, या क्रमानं बोलता आलं पाहिजे. आरआयसीएसचे सध्याचे आचारनियम २ फेब्रुवारी २०२२ पासून लागू आहेत आणि ते फक्त पाच आहेत. प्रामाणिकपणा, क्षमता, चांगली सेवा, इतरांचा आदर, लोकहित. पाच ओळी पाठ करायला अर्धा तास लागतो. त्या आपल्या ऑफिसातल्या प्रसंगांना लावून बघायला दोन आठवडेही कमी पडतात. बाकी मुलाखत झकास झाली आणि इथं पाय घसरला, तर पास होणं अवघडच.

माहीत नसेल तर?

ठोकून देऊ नका. कॉलेजच्या व्हायव्हात काहीतरी बोलून एक-दोन मार्क मिळायचे, ती सवय इथं घातक आहे. "हे मी स्वतः केलेलं नाही. असं काम आलं तर अमुक कागद पाहीन, अमुक तज्ज्ञाला विचारीन आणि मगच क्लायंटला सांगीन." असं उत्तर एखाद-दुसऱ्या वेळी चालतं, कारण खरा प्रोफेशनलही तेच करतो. प्रत्येक प्रश्नाला तेच आलं तर मात्र अर्थ निघतो, की तयारी नाही.

मॉक इंटरव्ह्यू किती द्यावेत? तीन-चार तरी. पण सगळे स्वतःच्या बॉससमोर नकोत. त्याला तुमचा प्रोजेक्ट माहीत असतो, अर्धं वाक्य बोललात तरी तो मान डोलावतो. दुसऱ्या कंपनीतला, शक्यतो रस्ते-पुलांच्या कामातला एखादा मेंबर गाठा आणि इमारतीतला आपला प्रोजेक्ट त्याला समजावून बघा. प्रेझेंटेशनला घड्याळ लावा. १० मिनिटांनंतर अध्यक्ष थांबवू शकतात, आणि बहुतेकांचा निष्कर्ष अकराव्या मिनिटाला असतो.

सबमिशन दिलं आणि मुलाखत झाली यात काही आठवडे जातात. त्या काळात प्रोजेक्ट थांबलेला नसतो. कॉन्ट्रॅक्टरनं नवा क्लेम टाकलेला असतो, स्टीलचा भाव हललेला असतो, एखादा नियम बदललेला असतो. "केस स्टडी दिल्यानंतर पुढं काय झालं?" हा प्रश्न म्हणूनच येतो, आणि त्याचं उत्तर मुलाखतीच्या आदल्या दिवशी साईटवर एक फोन करूनच मिळतं.

इतकं करूनही पहिल्या खेपेला होत नाही, असे बरेच असतात. त्यांना रेफरल रिपोर्ट मिळतो. कुठल्या कौशल्यात उत्तर कमी पडलं, हे त्यात लिहिलेलं असतं, आणि पुढच्या सत्रात पुन्हा बसता येतं. तो मेल आल्याच्या दिवशी उघडायची इच्छा होत नाही. हरकत नाही, दोन दिवसांनी उघडा. पण उघडाल तेव्हा पेन्सिल घेऊन बसा. पुढच्या खेपेची प्रश्नपत्रिका, बरीचशी, त्यातच असते.