नदीचा गाळ आणि सोन्याचा शोध

रॉटरडॅमच्या बंदरात गाळ उपसणारी जहाजं आपण नेहमी पाहतो. यातला काही गाळ र्‍हाईन नदी दूरवरून वाहून आणते. त्याच र्‍हाईनच्या वाळूतून जर्मनीत कार्ल्सरूहेच्या आसपास एकोणिसाव्या शतकापर्यंत लोक सोन्याचे कण धुऊन काढीत. सोनं जड, ते वरच बसतं. आपल्या वाट्याला चिखल! पण वरच्या खडकात काय आहे ते खालच्या गाळात उतरतं, एवढं खरं.

१८५१ साली स्थापन झालेली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण ही संस्था याच तत्त्वावर देशाचा भूरासायनिक नकाशा करते. ओढ्यानाल्यांतून साधारण दर चौरस किलोमीटरला गाळाचा एक नमुना घ्यायचा, असे चार नमुने एकत्र करून प्रयोगशाळेत तपासायचे. सोनं इथे टनामागे मिलिग्रॅममध्ये मोजतात. एवढ्याशावर भरवसा कसा ठेवणार? म्हणून त्याच्या सोबत्यांकडेही बघतात. सोमल, म्हणजे आर्सेनिक, आणि अँटिमनी ही मंडळी पुष्कळदा सोन्याच्या शेजारीच असतात. मग खडकांचा नकाशा, त्यातल्या भेगा, गारगोटीच्या शिरा, विमानातून केलेली चुंबकीय मोजणी हे सारं एकावर एक ठेवायचं. खुणा जुळल्या तिथे चर खणायचे, बोअर घ्यायचे. आपल्या विदर्भात, नागपूर-भंडाऱ्याकडच्या साकोली पट्ट्यात, कोलारी-भावरी आणि परसोडी इथलं सोनं सर्वेक्षणाच्या कामातूनच नोंदलं गेलं.

नोंद झाली म्हणजे खाण झाली नव्हे, आणि इथेच लोकांची गल्लत होते. फेब्रुवारी २०२० मध्ये उत्तर प्रदेशातल्या सोनभद्र जिल्ह्यात ३,३५० टन सोनं सापडल्याची बातमी झळकली. रिझर्व्ह बँकेच्या तेव्हाच्या साठ्याच्या पाचपट! सर्वेक्षणाने लगेच खुलासा केला : सोनं असलेला दगड अंदाजे ५२,८०६ टन, त्यात टनामागे सरासरी ३.०३ ग्रॅम सोनं. करा गुणाकार. १६० किलो! कुठे टन, कुठे किलो.

ही माहिती आता कुलूपबंद नाही. सर्वेक्षणाचं 'भूकोश' संकेतस्थळ आणि डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झालेलं राष्ट्रीय भूविज्ञान माहिती भांडार इथे बसूनही उघडता येतं. इथल्या टीएनओ संस्थेचं 'दिनोलोकेट' ज्यांनी वापरलंय त्यांना ते परकं वाटणार नाही.

तेव्हा गावाकडून कुणी 'सोन्याच्या पट्ट्यातली' जमीन किंवा शेअर घ्या म्हणून मागे लागला, तर आधी टप्पा विचारा. जी-४ म्हणजे नुसती प्राथमिक पाहणी, जी-१ म्हणजे सविस्तर तपास. मग दगड किती टन आणि टनामागे किती ग्रॅम, हे आकडे मागा. शिवाय जमिनीचा सातबारा आपल्या नावावर असला म्हणून सोनं काढायचा हक्क मिळत नाही. त्यासाठी सरकारचा खाणपट्टा लागतो, आणि २०१५ च्या कायदादुरुस्तीपासून तो लिलावानेच देतात.